अंधाऱ्या हॉलमधली कबड्डी टिपायला पहिला कॅमेरा आणि लेन्स कोणती घ्यावी?

वाशिष्ठीकाठ | ११ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. आमचा मुलींचा कबड्डी संघ आहे. एकदा पाऊस धरला की मैदानाचा चिखल होतो, मग दसऱ्यापर्यंत सगळा सराव हॉलमध्ये, मॅटवर. हॉल म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, खिडक्या उंचावर आणि त्याही पावसात बंद. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात.

गेल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत मी मोबाईलवर शंभरेक फोटो काढले. शाळेत परत आल्यावर मुलींना दाखवले. एकीने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "मॅडम, यातली मी कुठची?" पकड तिनेच केलेली. जर्सीचा रंग तेवढा कळत होता, बाकी सगळा धूर. दहावी झाली की यातल्या बऱ्याच जणींची कबड्डी सुटते. त्यांच्या घरी भिंतीवर लावायला खेळताना काढलेला एक धड फोटो असावा, एवढीच माझी इच्छा आहे.

माजी विद्यार्थ्यांनी काही पैसे जमवलेत, थोडे मी घालणार. एकूण ५५,००० रुपये. दुकानदार म्हणतो दोन लेन्सचा सेट घ्या, लांबचं पण येईल. सध्या शाळेतल्या एका सरांचा कॅनन १५००डी वापरायला मिळतो, १८-५५ मिमी झूम लेन्ससकट. त्यावरही खेळाडू हललेलेच येतात. म्हणजे चूक माझी की कॅमेऱ्याची, हेच समजत नाही. मला यातलं फार कळत नाही, पण शिकायची तयारी आहे. कृपया सांगा.

सड्यावरून | ११ जून, रात्री १०.१५

ताई, डीएसएलआरचा (१५००डीसारख्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) विचार सोडा. कॅनन आर५० हा मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा घ्या. खेळाडूचा चेहरा-डोळा ओळखून फोकस त्याच्या मागे मागे जातो. मी दापोलीला भाच्याचे टेबल टेनिसचे फोटो काढतो, आधी जुन्या बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) दहातले दोन जमायचे, आता सात-आठ जमतात. तुमच्या बजेटच्या थोडं वर जाईल, पण एकदाच घ्यायचं तर नीट घ्यावं.

जुना_रोल | ११ जून, रात्री ११.०५

बाई, आधी काहीच घेऊ नका. रत्नागिरीत फिल्मच्या काळापासून खेळांचे फोटो काढतोय, त्या हिशेबाने सांगतो. प्रश्न कॅमेऱ्याचा असेलही, पण आधी हॉलमध्ये उजेड किती आहे ते मोजू. ते मोजल्याशिवाय लेन्स सुचवणं म्हणजे ताप न बघता औषध देणं.

सरांचा कॅमेरा घ्या. वरची चकती 'एम'वर फिरवा. लेन्स ५०च्या खुणेवर आणा, तिथे ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडणार नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ६४०० ठेवा. मग फक्त शटर (ते किती सेकंद उघडं राहतं तो आकडा) बदलत मॅटच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलीचे फोटो काढा: १/६०, १/१२५, १/२००, १/४००. ज्या आकड्याला तिचा चेहरा ना पांढरा पडला ना काळवंडला, तो आकडा इथे लिहा. सगळे दिवे लावून, खिडक्या बंद ठेवून करा. स्पर्धेच्या दिवशी जसं असतं तसंच.

मोबाईलचं कोडं लगेच सोडवतो. अंधारात फोन एका फोटोसाठी लागोपाठ अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकावर एक बसवतो. देवळातली समई त्यात सुंदर येते, कारण ती जागेवर असते. चढाई करणारी मुलगी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते, म्हणून धूर दिसतो. तुमचा हात स्थिर असून तिथे उपयोग नाही. कॅमेऱ्यातल्या किंवा लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनचंही तेच. ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, खेळाडूची धाव थांबवत नाही. ती फक्त शटरच थांबवतं.

कर्लीकाठ | १२ जून, सकाळी ७.३०

माझा मुलगा कुडाळला बॅडमिंटन खेळतो. माझ्या अनुभवावरून सांगतो, ८५ मिमी एफ/१.८ सोडून दुसरं काही बघू नका. चेहऱ्यावरचा घाम दिसतो. कॅननची ईएफ ८५ एफ/१.८ ही लेन्स १९९२पासूनची आहे आणि अजून वापरात भरपूर मिळते, फोकस झटकन लागतो. निकॉन, सोनी दोघांकडेही ८५ एफ/१.८ आहेच. आणि हो, फ्लॅशचा विचारही मनात आणू नका. बॅडमिंटनमध्ये तर पंच लगेच उठवतात, आणि पकडीला सरसावलेल्या मुलीच्या डोळ्यावर फ्लॅश मारणं धोक्याचंच.

वाशिष्ठीकाठ | १४ जून, संध्याकाळी ६.५०

काका, करून पाहिलं. १/६०ला फोटो पांढराफटक. १/२००ला चेहरा बरोबर येतो. १/४००ला काळपट. मुलगी नुसती उभी होती म्हणून १/२००चा फोटो स्वच्छ आला, पण तिला चढाई करायला सांगितल्यावर त्याच आकड्याला हात आणि पाय पुसले गेले. धड जरा बरं दिसतं.

जुना_रोल | १४ जून, रात्री ८.२०

छान केलंत. आता तुमच्याच आकड्यांवरून उत्तर निघतं.

कबड्डीतली हालचाल गोठवायला किमान १/६४०, शक्यतो १/८०० हवा. तुमच्या हॉलमध्ये एफ/५.६ ला १/२०० मिळतो. म्हणजे चौपट उजेड कमी पडतोय. तो भरून काढायला आयएसओ चौपट, म्हणजे २५,६०० करावा लागेल. १५००डीत ६४००च्या वर वाढवून १२,८०० पर्यंतच जाता येतं, आणि तिथेही फोटोत रवा सांडल्यासारखा नॉइज येतो.

आता दुसरी बाजू बघा. एफचा आकडा लहान म्हणजे भोक मोठं. ५.६ वरून २ वर आलात की आठपट उजेड आत येतो. तुमच्या त्याच हॉलमध्ये, त्याच दिव्यांखाली, त्याच कॅमेऱ्यावर: एफ/२, १/८००, आयएसओ ३२००. बस. एवढ्यावर चांगला फोटो येतो.

आणि दुकानदाराच्या दोन लेन्सच्या सेटमधली लांबची लेन्स बघा. आर५० बरोबर मिळणारी ५५-२१० लांबच्या टोकाला एफ/७.१ असते. एफ/१.८ शी तुलना केलीत तर पंधरापट कमी उजेड. दिवसा मैदानावर ती छान चालेल. तुमच्या हॉलमध्ये नवा कोरा कॅमेरा असूनही मुली धूरच दिसतील, आणि पैसे संपलेले असतील.

म्हणून माझं म्हणणं: बॉडी सध्या घेऊ नका. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्या. नवीसुद्धा दहा हजारांच्या आसपास मिळते. सरांच्या १५००डीवर लावा आणि पावसाळाभर सराव करा. पुढे मिररलेस घेतलात तरी अडॅप्टर लावून हीच लेन्स त्यावर पूर्ण चालते. त्यातला एक रुपयाही वाया जात नाही.

सड्यावरून | १४ जून, रात्री ९.००

काका, उजेडाचा हिशेब शंभर टक्के मान्य. पण फोकसचं काय? १५००डीला फोकसचे ९ बिंदू, सेकंदाला ३ फ्रेम. आर५० सेकंदाला १२ फ्रेम देतो. नवशिक्या माणसालाच तर मदतीची जास्त गरज असते. मॅडम पहिल्या दिवशी पन्नास फोटो काढतील, त्यातले पंचेचाळीस फोकसबाहेर गेले तर त्यांचा हिरमोड होईल, त्याची मला काळजी वाटते.

जुना_रोल | १४ जून, रात्री ९.३५

तुमचं म्हणणं खोटं नाही. पैसे असते तर मीही आर५० आणि आरएफ ५० एफ/१.८ अशी जोडीच सांगितली असती. पण ५५,०००त ती बसत नाही, आणि किट (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) लेन्स घेऊन आर५० आणला तर फोकस अचूक लागेल अशा धुरावर. दोन्हीतलं एकच परवडत असेल तर आधी उजेड.

बाई, १५००डीवर फोकससाठी एवढं सांभाळा. स्क्रीनवर बघून फोटो काढू नका. या मॉडेलमध्ये स्क्रीनवरचा फोकस फार संथ आहे, मोबाईलच्या सवयीने सगळे तिथेच फसतात. डोळा व्ह्यूफाइंडरला लावा. फोकस एआय सर्व्होवर (हलत्या खेळाडूमागे फिरणाऱ्या फोकसवर) ठेवा. नऊ बिंदूंपैकी फक्त मधला निवडा, तोच सगळ्यात भरवशाचा. तो बिंदू चढाई करणाऱ्या मुलीच्या छातीवरच्या नंबरवर धरा, बटण अर्धं दाबून तिच्याबरोबर फिरत राहा. नंबरचे काळे-पांढरे कोपरे कॅमेऱ्याला पकडायला सोपे जातात. चेहऱ्यावर धरायला गेलात तर ती वाकली की बिंदू मागच्या भिंतीवर जातो.

कर्लीकाठ | १५ जून, सकाळी ८.१०

पण ५० का? खेळासाठी ५० आखूड पडते हो, लांबचं जवळ येत नाही. ८५ घेतलीत तर परत घ्यावी लागणार नाही.

मॅटवरचा | १५ जून, दुपारी १.४५

मी रायगडातला, रोह्याकडचा. दहा वर्षं खेळलो, आता मुलांना शिकवतो, आणि तीन वर्षं फोटोही काढतोय. ८५ विरुद्ध ५० हा वाद खेळ कुठला आणि तुम्ही बसणार कुठे यावर सुटतो. म्हणून जागेचं सांगतो.

कबड्डीत बाजूला बसलात तर चढाई करणारीचा कायम एक कान दिसतो. तिचा चेहरा बघायचा तर रक्षकांच्या मागे, अंतिम रेषेच्या पलीकडे कोपऱ्यात बसा. मुलींचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे एक अंगण ६ मीटर खोल. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ३ मीटरवर, बोनस (जादा गुणाची) रेषा ४ वर. तुम्ही अंतिम रेषेच्या २ मीटर मागे मांडी घातलीत तर निदानरेषा तुमच्यापासून ५ मीटर आणि बोनस रेषा ४ मीटर. खरा खेळ इथेच होतो.

आता ५ मीटरवर १५००डीसारख्या कॅमेऱ्यात ५० मिमी आडवी धरली तर साधारण सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच एवढा भाग मावतो. चढाईला वाकलेली मुलगी आणि तिच्या घोट्याकडे झेपावणारी कोपरारक्षक, दोघी बरोबर बसतात. ८५ मध्ये तेवढ्याच अंतरावर रुंदी सव्वा मीटरवर येते. पकड करणारीचे हात दिसतील आणि जिला धरलंय तिचं डोकं कापलं जाईल. माझ्याकडे असे दीडशे फोटो पडून आहेत, पहिल्या वर्षी मी ८५च वापरत होतो.

बॅडमिंटनचं वेगळं. कोर्ट १३.४० मीटर लांब, फोटोग्राफर बाजूला किंवा समोरच्या टोकाला, आणि खेळाडू एकटा. तिथे कर्लीकाठ म्हणतात ते अगदी खरं.

मॅडम, पैसे टाकण्याआधी एक करा. सरांच्या १८-५५ची कडी ५०वर आणा आणि तिथे सेलोटेप लावून टाका. एक पूर्ण सराव त्या कोपऱ्यात बसून बघा. फोटो हललेले येतील, येऊ देत. चौकटीत काय मावतं आणि काय सुटतं एवढंच बघायचं. त्यानंतर आम्हाला विचारायची गरजच पडणार नाही.

कर्लीकाठ | १५ जून, दुपारी ३.२०

निदानरेषेचा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. मी मागे घेतो. कबड्डीला ५० बरोबर.

वाशिष्ठीकाठ | १९ जून, रात्री ८.३०

सेलोटेप लावून दोन दिवस बसले. मॅटवरचा दादांचं अगदी बरोबर. कोपऱ्यातून एक वेगळीच गोष्ट दिसली, जी एवढी वर्षं बाजूला शिट्टी घेऊन उभी राहून मला दिसली नव्हती. आमची उजवी कोपरारक्षक पकडीला जाण्याआधी डावा खांदा खाली टाकते. चढाई करणारीला ते आधीच कळतं. तिला बोलावून सांगितलं.

ईएफ ५० मागवली आहे. मुंबईहून येणाऱ्या एका पालकांबरोबर येईल.

देवगडी | १९ जून, रात्री ९.१०

लेन्स यायच्या आधी तिची राहायची सोय करा. हे मी कळकळीने सांगतोय. मी एकदा वापरलेली लेन्स घेतली, विकणाऱ्याने 'एकदम क्लीन' म्हणून दिली. घरी आणून मोबाईलच्या टॉर्चने बघितली तर आत कोळिष्टकासारखे धागे. बुरशी. साफ करायला दिली तर काचेवरचा थरच खाल्लेला. आणि त्याच पावसाळ्यात माझी स्वतःची चांगली लेन्सही तशीच गेली, कारण मी ती कपाटात कपड्यांच्या मागे, चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवली होती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाट म्हणजे बुरशीचं माहेरघर. पापड मऊ पडतात त्या हवेत काच कशी टिकेल?

झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा घ्या, स्वयंपाकघरात मिळतो तसलाच. आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओलं झालं की कळतं. मग तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. ते तापवणं वेगळ्या जुन्या तव्यावर करा, खायच्या भांड्यात नको. डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं मीटर टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की निर्धास्त. तांदळात ठेवा असं कोणी सांगेल, ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे वापर. आठवड्यातून दोनदा तरी लेन्स बाहेर काढा.

एसी डब्यातून किंवा एसी गाडीतून उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका. गार काचेवर बाहेरची दमट हवा लागली की धुकं बसतं. अर्धा तास बॅग तशीच बंद ठेवा.

वाशिष्ठीकाठ | २ जुलै, संध्याकाळी ७.१५

लेन्स आली. डबा, जेल, मीटर सगळं आधीच आणून ठेवलं होतं, देवगडी दादा.

एफ/२, १/८००, आयएसओ ३२००. पहिल्याच संध्याकाळी एका मुलीचा उडालेला वेणीचा गोंडा हवेत थांबलेला दिसला. मी कॅमेरा खाली ठेवून दोन मिनिटं नुसती तो फोटो बघत होते.

पण एक अडचण आहे. लागोपाठ तीन फोटो काढले की एक उजळ, एक काळसर आणि एक पिवळट येतो. आकडे तेच, जागा तीच. लेन्स खराब आहे का? परत पाठवू?

तीन_फेज | २ जुलै, रात्री ८.४०

पाठवू नका, लेन्स चांगली आहे. दोष दिव्यांत आहे. मी वायरमन आहे, हा माझा विषय.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. तुमचं १/८०० चं शटर सव्वा मिलिसेकंदच उघडं राहतं. म्हणजे त्या फेऱ्याचा आठवा हिस्सा फक्त तुम्ही टिपता. कधी शिखर सापडतं, कधी उतार. उतारावर ट्यूबचा रंगही बदलतो, म्हणून पिवळट. आधी १/२००ला काढलेत तेव्हा निम्मा फेरा त्यात येत होता, म्हणून फारसं कळलं नाही.

हॉलमधल्या ट्यूब कशा आहेत ते सांगा. चालू करताना लुकलुकून पेटतात आणि घरघर येते, की बटण दाबल्याबरोबर लागतात?

वाशिष्ठीकाठ | २ जुलै, रात्री ९.००

लुकलुकतात. दोनतीन वेळा झटके घेऊन लागतात. घरघर तर आहेच.

तीन_फेज | २ जुलै, रात्री ९.२५

मग लोखंडी चोक आणि स्टार्टर आहेत. इलेक्ट्रॉनिक चोक असता तर तो हजारो हर्ट्झवर चालतो, कॅमेऱ्याला फरक कळत नाही. चांगल्या ड्रायव्हरच्या (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) एलईडीचंही तसंच, हलक्या ड्रायव्हरच्या एलईडी मात्र ट्यूबपेक्षाही वाईट लुकलुकतात. घेताना मोबाईलचा कॅमेरा जवळ धरून बघा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा घेऊ नका.

शाळेत थ्री फेज असेल तर दुसरा उपाय आहे. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायच्या. एक मंदावते तेव्हा दुसरी उजळलेली असते. हे काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः कोणी हात घालू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

सड्यावरून | २ जुलै, रात्री ९.५०

पुढे बॉडी घ्याल तेव्हा यासाठी वेगळी सोय बघा. आर५०, निकॉन डी७५०० यांत ती आहे. कॅमेरा लुकलुक ओळखतो आणि उजेड शिखरावर असतानाच शटर सोडतो. फक्त मिररलेसमध्ये सायलेंट मोड लावू नका, त्यात इलेक्ट्रॉनिक शटर असतं आणि अशा दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात.

तोपर्यंत रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा. पिवळटपणा आणि काळसरपणा बराचसा नंतर दुरुस्त होतो. त्यासाठीचं कॅननचं डीपीपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डार्कटेबलही फुकट.

जुना_रोल | २ जुलै, रात्री १०.१०

त्यात एक भर. आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि संगणकावर उजळायचा, हा मोह टाळा. ३२००ला अंधारा काढून उजळलेला फोटो ६४००ला नीट काढलेल्या फोटोपेक्षा स्वच्छ येत नाही. नॉइजला घाबरू नका. ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटवर ३२००चा नॉइज फारसा कोणाला दिसत नाही. हललेला चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो.

खाडीपलीकडे | ३ जुलै, सकाळी ६.४५

मी पालक आहे, दोन मुली खेळतात. फोटोबाहेरचं एक सांगते. फोटो चांगले यायला लागले की ते गटांवर फिरतात. कबड्डीत पकडीत कपडे ओढले जातात, मुली कशाही पडतात. पालकांची आणि मुलींची लेखी परवानगी घ्या, आणि गटावर टाकण्याआधी प्रत्येक फोटो त्या मुलीला दाखवा. तिला नको असेल तर तो तिच्यासमोर पुसून टाका. माझ्या धाकटीने एका फोटोमुळे महिनाभर मॅटवर जायचं सोडलं होतं.

वाशिष्ठीकाठ | ३ जुलै, रात्री ८.००

हे तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे. परवानगीचा कागद आजच तयार केला. आधी मुलींना दाखवायचं, हा नियम मी माझ्यापुरता कायमचा करते.

मुख्याध्यापकांशी बोलले. बारा ट्यूब बदलून एलईडी बसवायचं ठरलंय. कॅमेऱ्याच्या पैशातले थोडे तिकडे वळवते. मुलींनाही चेंडूचे खेळ खेळताना नीट दिसेल.

तीन_फेज | ३ जुलै, रात्री ८.२०

बसवायच्या दिवशी मला कळवा, मी चिपळूणला येतो. मजुरी घेणार नाही.

वाशिष्ठीकाठ | ३० ऑगस्ट, रात्री १०.३०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तीन_फेज दादांनी येऊन दिवे बसवून दिले. आता हॉलमध्ये एफ/२, १/१०००, आयएसओ ३२०० मिळतं आणि तिन्ही फोटो एकसारखे येतात.

काल तालुक्याची स्पर्धा झाली. दुसऱ्या ठिकाणच्या मोठ्या हॉलमध्ये. आमची चढाईपटू बोनस घेताना टिपली. पुढच्या पायाचा अंगठा रेषेच्या पलीकडे टेकलाय, मागचा पाय मॅटपासून वीतभर वर हवेत, आणि तीन रक्षकांचे हात तिच्या घोट्यापासून चार बोटांवर. बोनसला मागचा पाय हवेत हवा, हे मी सातवीच्या मुलींना खडूने काढून सांगत आले. आता हाच फोटो भिंतीवर लावणार. तिला विचारलं, ती हो म्हणाली.

पण एक गोष्ट जमली नाही. तिथे दोन मॅट शेजारीशेजारी होती आणि अंतिम रेषेमागे कोणालाच बसू दिलं नाही. मला आठ-नऊ मीटरवर, बाजूला जागा मिळाली. ५०मध्ये सगळ्या मुली लहान दिसल्या. कापून मोठे केले.

मॅटवरचा | ३० ऑगस्ट, रात्री ११.००

मागचा पाय हवेत! हा फोटो पंचांच्या वर्गातही दाखवण्यासारखा आहे.

कापण्याची काळजी करू नका. १५००डीचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. दोन्ही बाजूंनी अर्धा कापलात तरी ३००० बाय २००० उरतात, ६ बाय ९ इंचांची प्रिंट त्यात झकास निघते.

कर्लीकाठ | ३१ ऑगस्ट, सकाळी ७.२०

आता मात्र ८५ची वेळ आली, ताई. नऊ मीटरवरून बाजूने ती बरोबर बसेल. तुमच्याकडे किती उरलेत?

वाशिष्ठीकाठ | ३१ ऑगस्ट, रात्री ८.१५

लेन्स, डबा, दिवे, कार्ड सगळं जाऊन साधारण ३०,००० शिल्लक आहेत. ८५ घेऊ की थोडे आणखी जमवून बॉडी?

जुना_रोल | ३१ ऑगस्ट, रात्री ८.४०

जिल्ह्याची स्पर्धा कधी आहे यावर ठरवा. महिन्याभरात असेल तर वापरलेली ईएफ ८५ घ्या, त्या लेन्सचा फोकस तुमच्या ५०पेक्षा चपळ आहे, जुन्या बॉडीवरही फरक कळेल. बॉडीचे पैसे पुढच्या वर्षी जमवा. सर कॅमेरा देतायत तोवर घाई नाही.

मुंबईला जाणं होत असेल तर सीएसएमटीला उतरून बोरा बझारला चालत जा, वापरलेल्या लेन्स हातात घेऊन बघता येतात. कॅमेरा बरोबर न्या. दुकानातच एफ/१.८ला दहा फोटो काढा आणि मोठे करून बघा.

कर्लीकाठ | ३१ ऑगस्ट, रात्री ९.०५

मुंबईला जायची गरज नाही. मी मुलासाठी दुसरी सिस्टीम घेतली, माझी ईएफ ८५ पडून आहे. बाजारभावापेक्षा कमीत देतो. शनिवारी मी कामानिमित्त चिपळूणला येतोय, आधी हॉलमध्ये लावून बघा, पटली तरच घ्या.

देवगडी | ३१ ऑगस्ट, रात्री ९.१०

ताई, टॉर्च घेऊन जा. मागचं झाकण काढून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, तिरका प्रकाश टाकून बघायचं. कर्लीकाठ दादा, मनात काही आणू नका, मी सगळ्यांनाच सांगतो.

कर्लीकाठ | ३१ ऑगस्ट, रात्री ९.१५

बरोबर आहे तुमचं. मीच टॉर्च आणतो.

वाशिष्ठीकाठ | ३१ ऑगस्ट, रात्री ९.३०

शनिवारी चार वाजता सराव आहे. तेव्हाच या, मुली खेळत असतील. बाजूने, नऊ मीटरवर खुर्ची मांडून ठेवते.